श्रावण की भादों

आमच्या आयसीयूत सगळ्यात जास्त चोरी व्हायची ती दातांची. चोर आम्हीच. पेशंट आला की आधी कवळी काढायची, मग चष्मा, घड्याळ, अंगठी, कानाचं मशीन असेल तर तेही. सगळं एका पिशवीत घालून नातेवाइकांच्या हातात द्यायचं. नातेवाईक ती पिशवी घरी नेऊन कपाटात ठेवतात, कारण वस्तू महागाच्या. मग बिनदातांच्या, बिनचष्म्याच्या, दिवस आहे की रात्र हे कळायला मार्ग नसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसासमोर आम्ही उभ्या राहायचो आणि विचारायचो, "पहचाना? हम कौन हैं?" त्याने नाही ओळखलं की म्हणायचो, डोक्यावर परिणाम झाला.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंनी माझ्याकडे 'सेवाभावाच्या आठवणी' मागितल्या. सेवाभाव माझ्यात बेताचाच. चिकाटी होती आणि तोंड होतं, त्या दोहोंवर नोकरी निभली. मी जबलपूरचीच. वडील अमरावतीकडून इथल्या फॅक्टरीत लागले आणि इथलेच झाले. मी नर्स झाले, आणि शेवटची बरीच वर्षं एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूची सिस्टर इन्चार्ज होते. सगळं शहर मला ढोबळे दीदी म्हणतं. नवरासुद्धा चिडला की म्हणतो.

त्या वर्षांत मी एकच काम खरं मन लावून केलं असं मला वाटतं, आणि ते काम बाहेरच्या माणसाला दिसतही नाही. म्हाताऱ्या माणसांचं डोकं आयसीयूत ठिकाणावर ठेवायचं, हे ते काम. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. माझी आजी 'वात झाला' म्हणायची. चांगला चालता-बोलता माणूस न्यूमोनिया नाहीतर मोडलेलं हाड घेऊन येतो, दोन दिवस बरा असतो, आणि तिसऱ्या दिवशी छताला झुरळं दिसतात, सलाईन ओढून काढतो, पोटच्या पोरीला चोर म्हणतो. नातेवाइकांना वाटतं वेड लागलं. वेड नसतं ते. आजार, औषधं, झोपमोड, दुखणं, कोंडलेली लघवी, साधा बद्धकोष्ठ, यातलं काहीही मेंदूला चकवतं. बहुतेक वेळा ते उतरतंही. पण ते चढलं तर माणूस हॉस्पिटलात जास्त रखडतो, आणि काही जण घरी गेल्यावरही पहिल्यासारखे होत नाहीत. म्हणून ते उतरवण्यापेक्षा चढूच न देणं शहाणपणाचं.

गडबड करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. आम्हाला जास्त भीती गप्प पेशंटची. छताकडे बघत पडलेला, जेवण दिलं तर दोन घास, नाही दिलं तर मागणं नाही. नातेवाईक म्हणतात, "बड़े शांत हैं." तो शांत नसतो, हरवलेला असतो. अशी कितीतरी माणसं सुरुवातीच्या काळात आमच्यासमोरून, आणि सगळ्याच हॉस्पिटलांतून, 'शहाणा पेशंट' म्हणून निघून गेली असतील. त्याची हळहळ वाटते.

उपाय ऐकाल तर हसाल. दिवसा पडदे उघडा, रात्री दिवे मंद करा. रात्री दर थोड्या वेळाने उठवून ताप बघायचा, मग बीपी, मग साखर, असं सुटंसुटं करू नका, एकदाच काय ते करा. कवळी द्या, चष्मा द्या. जमेल तितक्या लवकर खुर्चीत बसवा. गुंगीचं इंजेक्शन टाळा, हात बांधणं तर फारच टाळा. घरच्या माणसाला जवळ बसू द्या. एक निवृत्त रेल्वे गार्ड होते, त्यांना समोरच्या मॉनिटरचा लाल दिवा सिग्नल वाटायचा आणि ते कोणालाच पलंग हलवू द्यायचे नाहीत. "लाल है, गाड़ी नहीं बढ़ेगी." डॉक्टर औषध लिहायच्या बेतात होते. मी त्या दिव्यावर पांढरी चिकटपट्टी लावली. गार्डसाहेब थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "चलो," आणि झोपले.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी वामनराव पांढरीपांडे आमच्याकडे आले. वय ऐंशीच्या पुढचं, फॅक्टरीतून निवृत्त. न्यूमोनिया इतका की काही दिवस श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं. मशीन सुटलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. नाकात जेवणाची नळी होती, ऑक्सिजन होता, अंगात ताकद नव्हती, पण डोळे चौकस होते. दीक्षितपुऱ्याच्या घरात ते एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाक स्वतः करायचे आणि शेजारच्यांना त्यांच्या स्वयंपाकाबद्दल मत द्यायचे.

मुलगा अजय शहरातच राइट टाउनला राहायचा. सज्जन माणूस, पन्नाशीचा. बायको इकडचीच, सागरची, त्यामुळे घरात हिंदीच. मराठी त्याला समजायचं, बोलायची पाळी आली की तो हिंदीत शिरायचा. आपल्या मंडळात अशी निम्मी घरं आहेत, त्यामुळे कोणी नाकं मुरडू नयेत. अजयला वडिलांची काळजी होती आणि त्या काळजीपोटी त्याने एक गोष्ट मनाशी ठरवत आणली होती. ती त्याने डॉक्टरांना माझ्यासमोरच विचारली.

"सर, पापा अब अकेले रह पाएँगे? मैं तो सोच रहा हूँ, दीक्षितपुरा का घर बंद करके अपने पास ले आऊँ."

आमचे डॉक्टर तरुण, मन लावून काम करणारे, आणि फार सरळ. ते म्हणाले, "शरीर तो सँभल जाएगा. देखना ये है कि दिमाग़ साफ़ रहता है कि नहीं. साफ़ रहा तो अपने घर जाएँ, कोई काम वाली लगा दीजिए. नहीं रहा तो अकेले मत छोड़िएगा."

हे वामनरावांनी ऐकलं. मशीन लावताना काढलेले दात आणि चष्मा अजून घरी कपाटातच होते, पण कान तिखट होते. त्या दिवसापासून ते प्रत्येक प्रश्नाला परीक्षेला बसल्यासारखे उत्तर देऊ लागले. नाव विचारलं तर पूर्ण नाव. गाव विचारलं तर जिल्ह्यासकट. आपलं घर राहायचं की जायचं, हे या उत्तरांवर ठरणार आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळलं होतं.

राखी झाली. नंतरच्या सोमवारी मी सकाळच्या ड्युटीवर आले तर प्रीती दारातच उभी. प्रीती आमची दमोहची मुलगी, हुशार, हाताची हलकी, पण चाल सदैव आगगाडीची.

"दीदी, तीन नंबर वाले दद्दा गए काम से. कल तक बढ़िया थे. आज नली खींच रहे हैं, फीड नहीं देने दे रहे, हाथ झटक दिया मेरा. महीना पूछा तो ग़लत बताया. समझाया तो और भड़क गए."

"कोणता सांगितला?"

"सावन बोल रहे हैं. राखी हो गई, सावन गया, अब तो भादों लग गया. मैंने यही बोला. तो बोलते हैं, राखी से सावन कैसे जाएगा, तुमको कुछ पता नहीं."

देशी महिना विचारायची युक्ती माझीच. म्हाताऱ्या माणसांना ऑगस्ट-सप्टेंबरपेक्षा सावन-भादों जवळचे वाटतात, असं मीच पोरींना शिकवलं होतं. प्रीतीने शिकवल्याप्रमाणे केलं होतं.

आत गेले तर डॉक्टर वामनरावांच्या पलंगाशी, अजय पायथ्याशी, आणि एक वॉर्डबॉय हात बांधायच्या कापडी पट्ट्या घेऊन आलेला. डॉक्टरांनी अजयला सकाळीच बोलावून घेतलं होतं. ते त्याला विचारत होते, "आपके यहाँ कोई हिसाब अलग तो नहीं? सावन चल रहा है क्या?"

डॉक्टरांनी विचारलं हे त्यांचं मोठेपण. अजय म्हणाला, "नहीं सर. सावन तो राखी पर ख़त्म हो गया. पापा कन्फ्यूज़ हो रहे हैं."

वामनराव मुलाकडे बघत होते. चष्मा नसल्यामुळे त्यांना त्याचा चेहरा नीट दिसत नसावा, पण ते बघत होते. मग त्यांनी हात पुन्हा नाकाकडे नेला, प्रीतीने तो धरला, आणि त्यांनी झटकला. डॉक्टर म्हणाले, "हाथ बाँधिए, और हल्का-सा इंजेक्शन दे दीजिए. नली आधी निकली और दूध फेफड़े में गया, तो वापस मशीन पर जाएँगे."

डॉक्टरांचं चुकत नव्हतं. नळी ओढणं हा खेळ नाही. पण त्या इंजेक्शनचीही मला चांगली माहिती होती. इतक्या अशक्त माणसाला ते दिलं की तो दिवसभर झोपणार, खोकणार नाही, कफ साचणार, रात्री टक्क जागा राहणार, आणि उद्या खरोखरच भरकटणार. आणि बांधलेल्या हातांनी जागा झालेला माणूस आपण कैदेत आहोत असं समजतो, ते त्याचं चुकतं असं म्हणता येत नाही. म्हणजे आज जो भ्रम नव्हता तो उद्या आम्हीच तयार केला असता, आणि अजयने दीक्षितपुऱ्याच्या घराला कुलूप लावलं असतं.

मी वाकून म्हटलं, "काका, मी ढोबळे. काय झालं? काहून ओढता नळी?"

दात नसल्यामुळे शब्द घरंगळत येत होते, पण मराठी होते. "हे मला सोमवारी अन्न घालून राहिले. नको म्हणतो तर ऐकत नाहीत. म्हणतात, श्रावण संपला. काहून संपला? पोळा झाला का?"

"नाही झाला."

"मग? नळीतून घातलं म्हणून काय झालं? पोटात तर गेलंच ना बाप्पा. उपास मोडला ना."

या तर्कात कुठे खोट आहे ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यात काय घोटाळा झाला ते कदाचित कळणार नाही, म्हणून सांगते. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, म्हणजे श्रावण पोळ्याला. इकडचा हिंदी महिना पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्ष दोघांचा एकाच नावाचा, पण पौर्णिमा झाली की त्यांचा नवा महिना लागतो आणि आपला जुनाच अर्धा उरलेला असतो. राखीच्या दुसऱ्या दिवशी प्रीतीच्या घरी भादों लागतो आणि आमच्या घरी श्रावण वद्य. तिचे सावनचे सोमवार संपलेले असतात, आमचे चालूच असतात. म्हणजे दर वर्षी पंधरवडाभर हे एक शहर दोन महिन्यांत राहतं. ऑफिसात, बाजारात कोणाचं काही अडत नाही, कारण तिथे तारखेने काम चालतं. अडलं ते आमच्या तीन नंबरच्या पलंगावर.

आणि गंमत ही की मी स्वतः त्या दिवशी उपाशी होते. सकाळी महादेवाला बेल वाहून, घोटभर चहावर ड्युटीवर आले होते. डॉक्टरांना म्हटलं, "सर, एक मिनट. आज मेरा भी सावन का सोमवार है. मैं भी उपवास से हूँ. इनको बाँधना है तो पहले मुझे बाँध दीजिए."

प्रीती म्हणाली, "पर दीदी, सावन तो..."

"जन्माष्टमी कब है?"

"इसी हफ़्ते."

"किस महीने की?"

"भादों की."

"आमच्याकडे श्रावणातली. कृष्ण दो बार पैदा हुए थे क्या? दिन एक, नाव दोन." प्रीतीने तिथल्या तिथे फोनवर शोधलं आणि हळूच "हाओ" म्हणाली. जबलपुरात 'हाओ' म्हणजे हो, आणि असं हळूच म्हटलं की शरणागती.

वॉर्डबॉयच्या हातातल्या पट्ट्या मी घेतल्या आणि टेबलाखाली ठेवल्या. पण तिथेच थांबले असते तर मी माझ्या धंद्याला जागले नसते. महिना बरोबर सांगणारा माणूसही भरकटलेला असू शकतो, आणि चुकीचा सांगणारा ठणठणीत. माझा नवरा अजून विचारतो आज वार कोणता. भ्रमाची खरी ओळख पटते ती लक्ष टिकतं की नाही यावरून. त्यासाठी आमची एक सोपी परीक्षा आहे. पेशंटचा हात हातात घ्यायचा, एकेक अक्षर संथपणे म्हणायचं, आणि ठरलेलं अक्षर आलं की त्याने हात दाबायचा. भ्रम झालेला माणूस एक तर दाबतच नाही, नाहीतर दाबतच सुटतो.

मी म्हटलं, "काका, 'क' आला की माझा हात दाबायचा. दुसऱ्या अक्षराला नाही."

सुरू केलं. प, क, र, क, म, त. वामनराव डोळे मिटून दाबत होते, अचूक. शेवटी मी मुद्दाम रेंगाळले, तर डोळे न उघडता म्हणाले, "झालं का? आता मी म्हणतो, तुम्ही दाबा. तुम्ही पण उपाशी आहात, तुमचंही पाहून घेऊ."

डॉक्टर हसले. इंजेक्शन रद्द झालं. ते मनापासून प्रीतीला म्हणाले, "प्रीती, तुमने महीना पूछा, ये अच्छा किया," आणि मग मला, "दीदी, लेकिन फीड?"

प्रश्न रास्त होता. अशक्त माणसाला उपाशी ठेवता येत नाही, मग महिना कोणताही असो. मी वामनरावांना विचारलं, "दूध चालतं ना तुम्हाला उपासाला?"

"चालतं. त्यात काही टाकून राहिले असतील तर नाही."

"फक्त दूध आणि साखर. मी समोर उभी राहून देते. आणि संध्याकाळी दिवे लागले की सोमवार सोडायचा, तेव्हा मात्र हे देतील ते सगळं घ्यायचं. हुज्जत घालायची नाही."

त्यांनी मान डोलावली. नळीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. आमच्या आहारतज्ज्ञ मुलीने दिवसभराचं दूध मोजून दिलं, संध्याकाळी नेहमीचं मिश्रण दिलं, आणि सगळ्यांचा सोमवार पार पडला. माझा साबुदाणा मात्र डब्यातच राहिला, कारण पाच नंबरला दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं.

इथे माझी फुशारकी संपते, कारण मंगळवारी वामनराव गप्प झाले.

हात लावला तर हलवू देत होते, विचारलं तर मान, एवढंच. अजय आला की डोळे मिटलेले. मी मघाशी सांगितलं, गप्प पेशंटची आम्हाला धास्ती असते. डॉक्टरांनाही काळजी वाटली. सगळं तपासून झालं. ताप नव्हता, लघवी साफ, ऑक्सिजन ठीक, रात्री झोप बरी झाली होती. कवळी आणि चष्मा मी अजयकडून मागवून घेतले होते, तेही चढवले. मी पुन्हा हात हातात घेतला आणि अक्षरं म्हटली. प्रत्येक 'क'ला बरोबर दाब आला, एकही चूक नाही. पण डोळे उघडले नाहीत.

मग मला कळलं. हा भ्रम नव्हता, हा रुसवा होता. त्याला आमच्या कपाटात औषध नाही.

मी अजयला बाहेर नेलं. तो चहाच्या मशीनपाशी उभा होता, कप हातात, न पिता. मला आडपडद्याने बोलता येत नाही.

"अजय, पापाला भ्रम नाही. त्यांना वाईट वाटलंय. सगळ्यांसमोर तू म्हणालास ना, पापा कन्फ्यूज़ आहेत."

"दीदी, मुझे सच में नहीं पता था. घर में हिंदी वाला कैलेंडर टँगा है. सावन मतलब राखी तक."

"लहानपणी काय होतं घरी?"

त्याने कप ठेवला. "आई के टाइम तो... आई दर सोमवारी शंकराला..." एवढं मराठी आलं आणि थांबलं. "समझता सब हूँ, दीदी. बोलने जाता हूँ तो ग़लत निकलता है. पापा हँसते हैं."

"हसू दे. आयसीयूत हसणं चांगलं असतं."

"और घर वाली बात पर भी नाराज़ हैं."

"त्यांना विचारलंस का, कुठे राहायचंय?"

त्याने ठेवलेला कप पुन्हा उचलला. विचारलं नव्हतं.

भेटीच्या वेळेबाहेर मी सहसा कोणाला बसू देत नाही, असं पूर्वी होतं. नंतर मी तो नियम स्वतःच मोडीत काढला होता, कारण घरचं माणूस शेजारी असलं की आमची निम्मी औषधं लागतच नाहीत. अजय त्या दिवसापासून सकाळ-दुपार येऊन बसू लागला. मराठी काही बोलला नाही. पण वडिलांची दाढी केली. नर्मदेला पाणी किती चढलंय ते सांगितलं. भेडाघाटला धबधबा दिसतच नाही, सगळं पाणीच पाणी झालंय, म्हणाला. दीक्षितपुऱ्याच्या घरी जाऊन आला आणि नळ कुठे गळतोय, शेजारच्यांनी दारापुढे स्कूटर कशी लावली आहे, याचा अहवाल दिला. स्कूटरचं ऐकून वामनरावांचे डोळे उघडले.

"रोज लावते का तो?"

"रोज़, पापा."

"उद्या सांग त्याला. म्हणावं मी येऊन राहिलो."

अजयने "हाँ" म्हटलं. 'मी येऊन राहिलो' म्हणजे मी येतोय; ते सोडून अजय पुन्हा गळक्या नळाकडे वळला, आणि वामनरावांनीही पुढे विचारलं नाही. पण ते खुर्चीत बसू लागले. मग प्रीतीच्या खांद्याला धरून पलंगाभोवती चालले. नळी निघाली, कवळी लावून मऊ भात खाल्ला आणि भातात मीठ कमी असल्याचं प्रीतीला ऐकवलं. प्रीती त्यांना आता रोज सकाळी विचारायची, "काय दद्दा, आज सावन है कि भादों?" आणि ते म्हणायचे, "तुझं काय चालू आहे ते आधी सांग." तिने दोन्ही महिने पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवले होते, आजची तारीख मध्ये.

वॉर्डात हलवायच्या सकाळी डॉक्टर राउंडला आले. अजयही होता. फळा प्रीतीने नुकताच पुसला होता, नवी तारीख लिहायची होती. डॉक्टर म्हणाले, "आज फिर एक बार सब पूछ लेते हैं. इसके बाद घर का तय कर लीजिएगा."

वामनराव सरळ बसले. चष्मा नीट केला. नाव सांगितलं, पूर्ण. हॉस्पिटल कोणतं, कशासाठी आलो, सगळं सांगितलं. डॉक्टर अर्ध्या थट्टेत म्हणाले, "और दद्दा, महीना कौन सा चल रहा है?"

वामनरावांनी माझ्याकडे बघितलं, मग अजयकडे, मग डॉक्टरांकडे. स्वच्छ हिंदीत म्हणाले, "भादों, सर."

ऐंशी वर्षं ज्या माणसाने श्रावणाला श्रावण म्हटलं, त्याने आपल्या घरी जायला मिळावं म्हणून आमच्या पसंतीचं उत्तर पाठ केलं होतं. मला तोंड आहे असं मी वर लिहिलं आहे. ते त्या क्षणी कामाला आलं नाही.

"नाही," अजय म्हणाला. डॉक्टरांनी वळून पाहिलं. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. "श्रावण आहे, बाबा. अजून पोळा... पोळा व्हायचा आहे ना."

'ळ' जरा अडखळला, पण आला. वामनरावांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "मग मला काहून विचारून राहिले? घरचा माणूस उभा आहे ना. त्याला विचारा."

मी डॉक्टरांना अर्थ सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "चलिए, अजय जी, आख़िरी सवाल आप ही बता दीजिए. ये रहते कहाँ हैं?"

अजयने वडिलांकडे बघितलं. वामनरावांनी दोन्ही हात पलंगाच्या कठड्यावर ठेवले होते.

"दीक्षितपुऱ्यात," अजय म्हणाला, आणि मग डॉक्टरांना कळावं म्हणून, "दीक्षितपुरा में, सर. अपने घर में."

मी पलंगाचा ब्रेक पायाने सोडला आणि वॉर्डबॉयला म्हटलं, "चलो."